चार वर्षं, दहा कोटी डॉलर: तरुण खेळाडूच्या एक्स्टेन्शनचा वाजवी भाव काढायचा कसा

ऑक्टोबर २०२५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये डायसन डॅनियल्सने अटलांटा हॉक्स संघाबरोबर चार वर्षांच्या, १० कोटी डॉलरच्या एक्स्टेन्शनवर (चालू करार संपण्याआधीच ठरलेल्या मुदतवाढीवर) सही केली आणि लगेच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, ज्याचे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) ६० टक्क्यांच्या आसपास अडकलेत आणि ज्याला बचावपटू बाहेरून मोकळा सोडतात, त्याला वर्षाला अडीच कोटी कशाला? दुसरी बाजू म्हणते, २०२४-२५ मध्ये सामन्याला सरासरी ३ स्टील्स (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू), मोस्ट इम्प्रूव्हड प्लेअर म्हणजे सर्वाधिक सुधारलेल्या खेळाडूचा किताब, वय फक्त २२. या भावात तो मिळाला म्हणजे हॉक्सची चांदी झाली.

दोन्ही बाजू खेळाडूची किंमत लावतायत. एक्स्टेन्शनची किंमत हा निराळा हिशेब आहे. संघ इथे खेळाडू विकत घेत नाही, खेळाडू आधीच त्याच्याकडे असतो. तो विकत घेतो ती एक वर्ष आधीची खात्री. तिचा भाव ठरतो तो सही न करता थांबलो तर दोन्ही पक्षांच्या पदरात काय पडेल, यावरून. हे लक्षात घेतलं नाही की चाहत्यांचा आकडा हमखास जास्त निघतो.

आधी नियम. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो. त्यातली पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या ऑप्शनवर, म्हणजे ठेवायचं की नाही ते संघ ठरवतो. तिसरा हंगाम संपला की एक्स्टेन्शनची खिडकी उघडते आणि चौथ्या हंगामाच्या सुरुवातीच्या आदल्या संध्याकाळी बंद होते. नवा पगार मात्र लागू होतो पाचव्या हंगामापासून. म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ठरलेला भाव २०२६-२७ च्या सॅलरी कॅपशी (संघाच्या एकूण पगाराची लीगने ठरवलेली, पण सवलतींनी ओलांडता येणारी मर्यादा) ताडून बघायचा, चालू वर्षाच्या नाही. चुकीची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारापासून अशा कुठल्याही एक्स्टेन्शनची मुदत पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. पूर्वी पाच वर्षं फक्त मोजक्या मॅक्सवाल्यांनाच (नियमात बसणारा कमाल पगार घेणाऱ्यांनाच) मिळायची.

मॅक्सचं गणित सोपं आहे. पहिल्या वर्षी कॅपच्या २५ टक्के, पुढे दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पगाराच्या ८ टक्के वाढ. ही वाढ चक्रवाढ नाही, त्यामुळे पाच वर्षांची बेरीज पहिल्या पगाराच्या ५.८ पट आणि चार वर्षांची ४.४८ पट येते. हे दोन गुणक पाठ असले की बातमीतला कुठलाही आकडा उलगडता येतो. २०२५-२६ चा कॅप १५ कोटी ४६ लाख ४७ हजार डॉलर होता. त्याचे २५ टक्के ३ कोटी ८६ लाख, गुणिले ५.८, म्हणजे २२ कोटी ४० लाखांच्या जरा वर. फ्रांझ वॅगनरचा करार याच आकड्याचा. केड कनिंगहॅम आणि इव्हन मोबली यांचाही मुळात हाच होता. पण कनिंगहॅम २०२४-२५ मध्ये ऑल-एनबीएत (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) आला, मोबली डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम बचावपटू) ठरला, आणि दोघांचा टक्का २५ वरून ३० वर जाऊन बेरीज २६ कोटी ९० लाखांवर पोचली. एका हंगामाच्या मतदानावर साडेचार कोटी. त्यात आता पुरस्कारासाठी ६५ सामन्यांची अट आहे, म्हणजे घोटा मुरगळून पाच-सहा आठवडे गेले तरी हा पैसा हातचा जाऊ शकतो. म्हणून मॅक्स देतानाही '३० टक्क्यांचं कलम घालायचं का, आणि कुठल्या पुरस्काराला किती' यावर खरी घासाघीस होते.

मॅक्सवाल्यांवर मात्र मी फार वेळ घालवणार नाही. तिथे वाद कमीच असतो. खरा पेच असतो त्याखालच्या थरात, म्हणजे पहिल्या पाचात खेळणाऱ्या पण संघाचा चेहरा नसलेल्या खेळाडूंचा.

या थरात पहिलं पथ्य म्हणजे डॉलर बाजूला ठेवून टक्के बघायचे. जेलन जॉन्सनने ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉक्सशीच पाच वर्षांचे १५ कोटी केले, दरवर्षी सपाट ३ कोटी. २०२५-२६ च्या कॅपच्या हिशेबात ते १९.४ टक्के होतात. कॅप दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढला असं धरलं, तर पाचव्या वर्षी कॅप २० कोटींच्या पुढे असेल आणि तेच ३ कोटी १५ टक्क्यांच्या आत आलेले असतील. याउलट ८ टक्क्यांच्या वाढीचा करार कॅपबरोबर जवळजवळ बरोबरीने धावतो. त्यामुळे दोन करारांची एकूण रक्कम सारखी असली तरी ओझं सारखं नसतं. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. नियमाने कॅप एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही, पण दरवर्षी १० टक्के वाढेलच असंही नाही. ११ वर्षांचा, ७६०० कोटी डॉलरचा सामन्यांच्या प्रक्षेपणाचा करार झाला म्हणून दरवर्षी १० टक्के धरून हिशेब मांडणारे एजंट असतात, आणि ४ टक्के धरणारे जनरल मॅनेजरही. मधला आकडा धरून चाला.

आता थांबण्याची किंमत. सही झाली नाही तर खेळाडू चौथा हंगाम खेळतो, संघ जूनअखेरीस त्याला क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या कराराची ठरीव रकमेची ऑफर) देतो आणि तो रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होतो. दुसरा संघ त्याला जास्तीत जास्त चार वर्षांची, ५ टक्के वाढीची ऑफर शीट देऊ शकतो. मूळ संघ ती जशीच्या तशी स्वीकारून खेळाडू ठेवून घेऊ शकतो. कागदावर हा खुला बाजार वाटतो. प्रत्यक्षात ऑफर शीट द्यायला कॅपमध्ये मोकळी जागा लागते आणि ती फार थोड्या संघांकडे असते. शिवाय मूळ संघ निर्णय देईपर्यंत ती जागा अडकून पडते. 'ते मॅच करणारच, मग आपण कशाला अडकायचं' असं म्हणून बाकीचे हात आखडते घेतात.

२०२५ चा उन्हाळा याचा धडधडीत नमुना होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्यांचं जमलं नाही त्यांत जॉश गिडी, जोनाथन कुमिंगा, कॅम थॉमस आणि क्वेंटिन ग्राइम्स होते. मोठी रिकामी जागा होती ती फक्त ब्रुकलिनकडे, आणि थॉमस तर ब्रुकलिनचाच. गिडीचं सप्टेंबरमध्ये चार वर्षांच्या १० कोटींवर मिटलं. कुमिंगाने हंगामाच्या तोंडावर दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाखांचा करार घेतला, त्यातलं दुसरं वर्षही संघाच्या मर्जीवर. थॉमस आणि ग्राइम्स यांनी एका वर्षाची क्वालिफाइंग ऑफर उचलली: थॉमसला सुमारे ६० लाख, ग्राइम्सला सुमारे ८७ लाख. थॉमसची २०२४-२५ ची सरासरी २४ गुणांची होती. स्नायूच्या दुखापतीमुळे खेळायला मिळाले फक्त २५ सामने. सामन्याला २४ गुण आणि हातात ६० लाख. गुणांच्या सरासरीवरून भाव काढणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर चिकटवून ठेवावं.

क्वालिफाइंग ऑफरचा आकडाही हलता असतो. चौथ्या हंगामात ४१ सामन्यांत सुरुवातीच्या पाचात उतरला किंवा २००० मिनिटं खेळला, तर काहींची ऑफर वाढते. वरच्या क्रमांकाने निवडलेला खेळाडू ही अट चुकला तर त्याची घटते. मार्चमध्ये एखाद्या तरुणाला अचानक बाकावरून खेळवायला लागले, की चाहते प्रशिक्षकावर घसरतात. कॅपचा हिशेब ठेवणारे आधी त्याची मिनिटं मोजतात.

हे सगळं एका काल्पनिक खेळाडूवर मांडू. वय २३, पहिल्या पाचातला, बचाव उत्तम, फेक अजून बेभरवशाची. नवा करार सुरू होईल त्या वर्षीचा कॅप १६ कोटी ५० लाख धरू. पुढे तीन शक्यता: तो तारा झाला तर त्याचं मोल कॅपच्या २५ टक्के, भक्कम स्टार्टर राहिला तर १६ टक्के, फेक सुधारलीच नाही आणि बाकावर गेला तर ७ टक्के. संभाव्यता अनुक्रमे पाव, अर्धी, पाव. भारित सरासरी ६.२५ अधिक ८ अधिक १.७५, म्हणजे १६ टक्के. पहिल्या वर्षी २ कोटी ६४ लाख, चार वर्षांचे ४.४८ पटीने ११ कोटी ८० लाख. बहुतेक वाद याच आकड्याभोवती घुटमळतो.

पण थांबलं तर काय होईल? तारा झाला तर मॅक्स मिळेलच, त्यासाठी बाजार लागत नाही. बाकावर गेला तर ७ टक्केच. फरक पडतो तो मधल्या शक्यतेत. जागा असलेले संघ कमी, त्यामुळे १६ टक्क्यांच्या खेळाडूला रिस्ट्रिक्टेड बाजारात १३ च मिळतात असं धरा. सरासरी उतरून १४.५ टक्क्यांवर येते. पहिलं वर्ष २ कोटी ३९ लाख, चार वर्षांचे १० कोटी ७० लाख. थांबल्यावर संघाला सरासरी एवढाच खर्च येणार असेल, तर तो आज याच्या वर कशाला जाईल? आणि खेळाडूच्या बाजूने बघा. गुडघा गेला तर काय, ही धास्ती आज सही करून संपते, म्हणून तो दहाएक टक्के सोडायला तयार असतो. म्हणजे ९ कोटी ६५ लाख. वाजवी पट्टा झाला साडेनऊ-पावणेदहा ते पावणेअकरा कोटींचा. चाहत्यांचे ११ कोटी ८० लाख या पट्ट्याच्या बाहेर आहेत.

यातल्या संभाव्यता माझ्या मनच्या आहेत, हे उघड आहे. तुमच्या वेगळ्या असतील तर त्या घालून बघा. वाद घालायचा तर त्यांवरच घालावा, '१० कोटी जास्त की कमी' यावर नाही.

संभाव्यता ठरवताना मी तीन गोष्टी बघतो. पहिली, फ्री थ्रो. तिसऱ्या हंगामात थ्रीची (तीन गुणांच्या फेकींची) टक्केवारी ३१ वरून ३७ वर गेली आणि फ्री थ्रो ६५ लाच राहिले, तर ती सुधारणा मी निम्मीच खरी धरतो. एका हंगामातल्या तीन-चारशे थ्रीमध्ये नशिबाचा वाटा मोठा असतो. दुसरी, आकडे कुठून आले. पडेल संघात चेंडू सतत हातात असेल तर १८ गुण होतात. पण तो चेंडूविना कोपऱ्यात उभा राहिला तर बचावपटू त्याच्याजवळ राहतो का? नसेल तर चांगल्या संघात त्याची किंमत घटते, आणि त्याचा संघ पुढे चांगला होणार हे तर एक्स्टेन्शनमागचं गृहीतकच असतं. तिसरी, प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) शेवटच्या पाच मिनिटांत तो मैदानावर असतो का. प्रतिस्पर्धी ज्याला हेरून खेळतात किंवा ज्याला सरळ मोकळा सोडतात, त्याला १६ टक्के देताना माझा हात थरथरेल. वयाचा मुद्दा जरा फुगवून सांगितला जातो. २१ आणि २३ मधला फरक मोठा आहे, हे खरं. पण चार वर्षांचा करार २४ ते २७ या वयाचा असेल तर संघाला चढता काळच मिळतो. वय खरंच आड येतं ते कॉलेजात चार वर्षं काढून उशिरा आलेल्यांच्या पाच वर्षांच्या कराराला.

जोखीम दोन्ही बाजूंना उलटते. स्टीफन करी २०११-१२ मध्ये घोट्यामुळे २६ च सामने खेळला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याने गोल्डन स्टेटकडून चार वर्षांचे ४ कोटी ४० लाख घेतले. तेव्हा कित्येकांना तेही जास्त वाटले होते. तो दोनदा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला, २०१६ मध्ये कॅप एकदम ७ कोटींवरून ९ कोटी ४० लाखांवर गेला, आणि करीचा पगार होता १ कोटी २० लाखांच्या आसपास. केविन ड्युरंटसारखा तारा गोल्डन स्टेटमध्ये मावला त्यात या कराराचा मोठा हात होता. दुसऱ्या टोकाला मायकेल पोर्टर ज्युनिअर. २०२०-२१ मध्ये १९ गुणांची सरासरी, सप्टेंबर २०२१ मध्ये डेन्व्हरकडून पाच वर्षांचा मॅक्स, आणि लगेचच्या हंगामात ९ सामन्यांनंतर पाठीची शस्त्रक्रिया. पाठीचा इतिहास आधीपासून ठाऊक होता. तरीही डेन्व्हर चुकलं असं मी म्हणणार नाही. संघ २०२३ मध्ये विजेता झाला तेव्हा पोर्टर पहिल्या पाचात होता.

थांबून जिंकणाऱ्यांत जिमी बटलर. २०१४ मध्ये शिकागोची ऑफर नाकारली, मोस्ट इम्प्रूव्हड झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात पाच वर्षांचे ९ कोटी २० लाखांहून जास्त घेतले. हे उदाहरण एजंटांचं लाडकं आहे. पण बटलर थेट मॅक्सच्या शक्यतेत जाऊन पडला, म्हणून थांबणं फळलं. मधल्या शक्यतेत राहिलेल्यांचं काय होतं ते २०२५ च्या उन्हाळ्यात दिसलं. आणि जेलन जॉन्सन? सही झाल्यावर जानेवारीत खांद्याच्या दुखापतीने त्याचा हंगाम ३६ सामन्यांवर संपला. सही नसती तर तो त्याच थंड बाजारात खांदा बांधून उभा असता.

संघाने थांबण्याचा तोटा फक्त पैशाचा नसतो. २०१३ मध्ये गॉर्डन हेवर्डशी युटाचं जुळलं नाही. २०१४ मध्ये शार्लटने त्याला चार वर्षांच्या ६ कोटी ३० लाखांची ऑफर शीट दिली आणि चौथं वर्ष प्लेअर ऑप्शनचं (राहायचं की सोडायचं ते खेळाडू ठरवणार असं) ठेवलं. युटाने मॅच केलं, पण कराराचा साचा शार्लटने पाडलेला होता. तीन वर्षांनी हेवर्ड ऑप्शन सोडून बॉस्टनला गेला. पैशाचा आकडा मॅच करता येतो, कलमं बदलता येत नाहीत.

कधीकधी भाव पटलेला असूनही सही लांबवली जाते, आणि त्यात कुणाचा अपमान नसतो. टायरीज मॅक्सीचं उदाहरण घ्या. चौथ्या वर्षी पगार सुमारे ४३ लाख. सरासरीखालचा पगार असलेल्या अशा खेळाडूचा कॅप होल्ड (नवा करार होईपर्यंत त्याच्या नावाने कॅपमध्ये धरलेली रक्कम) पगाराच्या तिप्पट, म्हणजे १ कोटी ३० लाख. फिलाडेल्फियाने २०२३ मध्ये मॅक्स एक्स्टेन्शन दिलं असतं तर २०२४-२५ च्या कॅपमध्ये त्याचे ३ कोटी ५१ लाख धरले गेले असते. थांबल्यामुळे सव्वादोन कोटींच्या आसपास जागा मोकळी राहिली. त्या उन्हाळ्यात पॉल जॉर्ज आला आणि मॅक्सीला त्याचे पाच वर्षांचे २० कोटी ४० लाख मिळाले. सॅन अँटोनियोने २०१५ मध्ये कवाय लेनर्ड आणि लामार्कस ऑल्ड्रिजच्या बाबतीत हेच केलं होतं. ही युक्ती चालायला दोन अटी लागतात: पुढच्या उन्हाळ्यात संघाकडे खरोखर मोठी जागा असणार आणि खेळाडूचा शब्दावर विश्वास असणार. लक्झरी टॅक्सवर (ठरावीक रेषेपुढच्या पगारांवरच्या दंडावर) असलेला संघ 'लवचीकता राखतोय' म्हणून थांबत असेल तर ती निव्वळ थाप.

भाव ठरला की कलमं. शेवटच्या वर्षी प्लेअर ऑप्शन असेल तर ते वर्ष संघाचं नाहीच असं धरा. अल्पेरेन शेंगूनचे पाच वर्षांचे १८ कोटी ५० लाख त्या वर्षीच्या मॅक्सपेक्षा जवळपास ४ कोटींनी कमी होते, पण पाचवं वर्ष त्याच्या हातात आहे. तो चढत राहिला तर ह्यूस्टनला स्वस्तातली चारच वर्षं मिळतील. उतरता करार हा दुसरा प्रकार. जेलन सग्जचे पाच वर्षांचे १५ कोटी साडेतीन कोटींपासून सुरू होऊन खाली येतात, कारण ऑर्लँडोला पुढच्याच वर्षी पाओलो बँकेरोचा मोठा पगार सुरू होणार होता. बातमीत मात्र सरासरीच छापून येते.

बोनसचा आकडा तर नीट तपासलाच पाहिजे. जॉर्डन पूलचे २०२२ चे 'चार वर्षांचे १४ कोटी' बोनस धरून होते, पक्के होते सव्वाबारा कोटींच्या आसपास. कॅपमध्ये गेल्या हंगामात न गाठलेल्या अटींचा बोनस धरत नाहीत. पण ॲप्रनच्या (कॅपच्या वरच्या, ओलांडल्या की निर्बंध लागतात अशा दोन पगार-रेषांच्या) हिशेबात तो धरतात. त्यामुळे ॲप्रनजवळच्या संघाला 'मिळेलच असं नाही' म्हणून दिलेला बोनसही पहिल्या दिवसापासून जागा खातो.

दुसऱ्या ॲप्रनने या थरातल्या खेळाडूंचा भाव सर्वात जास्त दाबला आहे. २०२५-२६ मध्ये ती रेषा २० कोटी ७८ लाखांवर होती, म्हणजे कॅपच्या सुमारे १३४ टक्के. त्यापलीकडे गेलं की ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) दोन पगार एकत्र करता येत नाहीत आणि सात वर्षांनंतरचा ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचा पिक गोठतो, म्हणजे तो ट्रेड करता येत नाही. ओक्लाहोमा सिटीकडे बघा. शे गिल्जस-अलेक्झांडरचा नवा करार २०२७-२८ पासून ३५ टक्क्यांचा, चेट होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्स २५-२५ टक्क्यांचे धरले, तर तिघांत ८५ टक्के गेले. उरलेल्या ४९ टक्क्यांत बारा जण बसवायचे. अशा ठिकाणी चौथ्या तरुणाला १४ ऐवजी १६ टक्के देणं म्हणजे बाकावरचा एक कामाचा माणूस कमी करणं. शार्लट किंवा युटासारख्या संघाला हे दोन टक्के जाणवणारही नाहीत. म्हणून एकाच खेळाडूचा वाजवी भाव दोन संघांत वेगळा असू शकतो, आणि त्यात कुणी मूर्ख ठरत नाही.

सही झाल्यावर पहिल्या वर्षात आणखी एक अडचण असते, तिला पॉयझन पिल म्हणतात. नवा पगार सुरू होण्याआधी ट्रेड करायचा तर देणाऱ्या संघाच्या खात्यात खेळाडूचा चालू पगार धरतात आणि घेणाऱ्याच्या खात्यात चालू वर्ष व एक्स्टेन्शनची वर्षं मिळून सरासरी. चालू पगार ६० लाख, एक्स्टेन्शन चार वर्षांचं १० कोटी, तर देणाऱ्याचे ६० लाख जातात आणि घेणाऱ्याकडे २ कोटी १२ लाख येतात. एवढा फरक जुळवायला घेणाऱ्याकडे मोकळी जागा तरी हवी किंवा तिसरा संघ तरी मध्ये घ्यावा लागतो. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये सही केलेला खेळाडू फेब्रुवारीच्या ट्रेड डेडलाइनला सहसा हलत नाही, अफवा कितीही उठल्या तरी.